पाऱ्याची उंची, पाण्याची उंची : दाबाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हवामानाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘हेक्टोपास्कल’ हा शब्द आला होता. त्यानंतर दाब या एकाच विषयावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या कामांतून आली असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दाबाचा आकडा सांगताना तो कोणत्या द्रवाच्या उंचीचा आहे आणि कोणत्या शून्यापासून मोजला आहे, हे आपण सांगायचे विसरतो आणि मग तो आकडा आपल्याला फसवू लागतो.

प्रश्न : आमच्या पुस्तकात वातावरणाचा दाब ‘७६० मि.मी. पारा’ असा दिला आहे. मिलिमीटर हे तर लांबीचे एकक आहे. मग लांबीने दाब कसा सांगता येईल? शिवाय नळी जाड घेतली तर तिच्यात पारा जास्त मावेल, त्याचे वजनही जास्त होईल, मग दाब जास्त का होत नाही? (अकरावीतील विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुझ्या दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दुसरीचे उत्तर नीट समजले की पहिली आपोआप सुटते, म्हणून दुसरीपासून सुरुवात करू.

एका उभ्या नळीचा आडवा छेद १ चौरस सेंटिमीटर आहे आणि तिच्यात ७६ सेंटिमीटर उंचीपर्यंत पारा आहे, असे समज. पाऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे १३.६ पट असल्यामुळे त्या पाऱ्याचे वजन १ किलो ३३ ग्रॅमच्या आसपास भरेल, आणि हे सारे वजन तळाच्या १ चौरस सेंटिमीटर जागेवर पडेल. आता दुप्पट छेदाची नळी घे. पारा दुप्पट झाला, वजनही दुप्पट झाले, पण ते पेलणारी जागासुद्धा दुप्पट झाली. दाब म्हणजे एकूण वजन नव्हे, तर दर चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येणारे वजन. त्यामुळे भागाकार केला की छेद वरून आणि खालून सारखाच कटतो आणि उरते ती फक्त उंची. सूत्रात लिहायचे तर दाब = घनता × गुरुत्वत्वरण × उंची. नळीची जाडी या सूत्रात कुठेही नाही.

म्हणूनच द्रव कोणता हे एकदा ठरले, की नुसती उंची सांगितली तरी दाब ठरतो. ‘७६० मिलिमीटर’ एवढेच म्हटले तर ती लांबी आहे. ‘७६० मिलिमीटर पारा’ म्हटले की तो दाब झाला. त्यातला ‘पारा’ हा शब्द घनता पुरवतो, आणि तो गाळण्याची सवय लागली की गोंधळ सुरू होतो, कारण ७६० मिलिमीटर पाण्याचा दाब पाऱ्याच्या त्याच उंचीच्या दाबाच्या तेराव्या हिश्श्याएवढाही भरत नाही.

हे हाताने करून पाहा. बांधकामावर गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी तीन मीटर आण, एका उंच फळीवर इंग्रजी ‘यू’च्या आकारात खिळ्यांनी बसव, मागे मोजपट्टी चिकटव आणि लाल शाईचे चार थेंब घातलेले पाणी अर्ध्यापर्यंत भर. दोन्ही बाजूंचे पाणी एका रेषेत येईल. एका टोकातून सावकाश फुंकून दाब धरून ठेवला, की त्या बाजूचे पाणी खाली जाईल आणि दुसऱ्या बाजूचे वर चढेल. येथे बहुतेक मुले एक चूक करतात. वर चढलेले पाणी मूळ खुणेपासून मोजतात आणि तोच दाब म्हणून लिहितात. पाणी एका बाजूला १५ सेंटिमीटर चढले असेल तर दुसऱ्या बाजूला ते तेवढेच उतरलेले असते, म्हणून दाब दोन्ही पातळ्यांमधील अंतराएवढा, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. मी शाळेत शिकवत असताना ही चूक दरवर्षी दिसे, आणि मुलांना दोन्ही पातळ्यांवर एक एक बोट ठेवायला लावले की ती लगेच सुटे.

नळी भरताना बुडबुडा राहू देऊ नकोस. आमच्या घराचे जोते बांधताना गवंड्याने लेव्हल नळी धरून चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या, आणि एक कोपरा डोळ्यांनाच वर वाटत होता. नळी उजेडात धरून पाहिली तर उभ्या भागात चार सेंटिमीटर लांबीचा, नळीची पूर्ण पोकळी व्यापणारा बुडबुडा अडकला होता. हवेला वजन जवळपास नसते, त्यामुळे त्या बाजूला तेवढेच वजन भरून काढायला पाणी बरोबर चार सेंटिमीटर जास्त उंच उभे होते. गंमत अशी, की तोच बुडबुडा जमिनीवर आडव्या पडलेल्या भागात असता तर काहीच बिघडले नसते. कारण हिशेबात फक्त उभी उंची येते.

नळीच्या जाडीबाबत एक अपवाद मात्र लक्षात ठेव. नळी अगदी बारीक असेल तर काच आणि द्रव यांच्यातील ओढ आड येते. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी आपणहून सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर पारा काचेला चिकटत नसल्याने उलट खाली दबतो. म्हणून चांगल्या वायुभारमापकाची, म्हणजे हवेचा दाब पाऱ्याच्या उंचीने मोजणाऱ्या यंत्राची, नळी मुद्दाम रुंद ठेवतात.

आता एककांविषयी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दाबाचे एकक पास्कल आहे. एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल. हे नाव १९७१ साली अधिकृत झाले. पास्कल फार लहान असतो. पाण्याचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर जेवढा दाब देईल जवळपास तेवढाच. प्रमाण वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल. १३,५९५.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर ही शून्य अंश सेल्सिअसला असलेली पाऱ्याची घनता, ९.८०६६५ हे प्रमाण गुरुत्वत्वरण आणि ०.७६ मीटर उंची यांचा गुणाकार करून पाहा, नेमका हाच आकडा येईल. हवामान खाते शंभर पास्कलचा एक हेक्टोपास्कल करते, आणि जुन्या नकाशांवरील मिलिबार तोच आहे. नाव बदलले, आकडा बदलला नाही.

त्या गुणाकारात ‘शून्य अंश’ आणि ‘प्रमाण’ हे शब्द का आले, तेही सांगतो. पारा तापला की प्रसरण पावतो आणि हलका होतो. मुंबईत ३० अंश तापमानाला तोच दाब पेलायला पारा शून्य अंशापेक्षा सुमारे ४ मिलिमीटर जास्त उंच उभा राहतो. शिवाय मुंबईचे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ असल्यामुळे आणखी दीड मिलिमीटरची भर पडते. त्यामुळे वेधशाळेतील निरीक्षक पाऱ्याची उंची वाचून थांबत नसत. शेजारच्या तापमापकाचा आकडा घेऊन कोष्टकातून दुरुस्ती करत आणि मगच नोंद लिहीत. ही दुरुस्ती केल्याशिवाय मुंबईचा पारा आणि लंडनचा पारा यांची तुलना करण्याला अर्थ नव्हता.

प्रश्न : माझ्या विहिरीच्या काठावर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. दिवाळीपर्यंत ती भरपूर पाणी देते, पण एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर नुसती फिरते, पाणी येत नाही. फूटव्हॉल्व्ह नवीन आहे. साडेसात अश्वशक्तीची मोटर घ्या असे दुकानदार सांगतो. उपयोग होईल का? (शेतकरी, पुरंदर तालुका)

उत्तर : तुमचे पैसे वाचावेत म्हणून आधी स्पष्ट सांगतो, की पाणी ओढण्याच्या उंचीवर मोटरीच्या ताकदीचा काहीही परिणाम होत नाही. ‘मोटर पाणी ओढते’ असे आपण सगळेच म्हणतो, परंतु प्रत्यक्षात पंप फक्त सक्शन पाइपातील दाब कमी करतो, आणि विहिरीतील पाण्यावर बसलेली हवा ते पाणी पाइपात वर ढकलते. ढकलणारी हवा असल्यामुळे मर्यादाही हवेचीच. समुद्रसपाटीला हवेचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी पेलू शकतो. तुमच्यासारख्या सातशे मीटर उंचीच्या पठारावर हवेचा थर पातळ झालेला असतो, म्हणून ती उंची साडेनऊ मीटरच्या आसपास येते. उन्हाळ्यात पाणी तीस अंशांवर असते आणि पाइपातील दाब फार उतरला की ते पाणी पाइपातच उकळून त्याची वाफ होऊ लागते. त्यापोटी आणखी जवळपास अर्धा मीटर जातो. मग पाइपातील घर्षण, वाकणे आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, की हातात सहा ते सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट उरतात.

तेव्हा आधी माप घ्या. मोटर चालू असताना, पाणी जेवढे खाली जायचे तेवढे गेल्यावर, पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे सरळ उभे अंतर दोरीला दगड बांधून मोजा. फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली किती खोल आहे किंवा पाइपाची एकूण लांबी किती आहे, हे या मापात धरायचे नाही. अंतर बावीस फुटांच्या पुढे असेल, तर मोटर विहिरीतील कठड्यावर खाली उतरवणे किंवा पाण्यात बुडणारी सबमर्सिबल मोटर घेणे हेच उपाय आहेत. सबमर्सिबल पाणी खालून वर ढकलते, त्यामुळे हवेची मर्यादा तिला लागू होत नाही. अंतर अठरा-वीस फूटच असेल तर कुठल्या तरी जोडातून हवा धरत असेल. जोड तपासा, आणि सक्शन पाइप एका मापाने रुंद करून पाहा. मोठी मोटर त्याच पाइपावर बसवली तर पाण्याचा वेग वाढून घर्षण वाढेल आणि परिस्थिती उलट बिघडेल. पंपातून खडी वाजल्यासारखा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. तो आवाज पंपाच्या पंख्यावर फुटणाऱ्या वाफेच्या बुडबुड्यांचा असतो, आणि त्यांनी लोखंडाला खड्डे पडतात.

तुमची ही अडचण चारशे वर्षे जुनी आहे, आणि वायुभारमापकाचा जन्म तिच्यातूनच झाला, म्हणून थोडे विषयांतर करतो. इटलीतील पंप बसवणाऱ्या कारागिरांना माहीत होते, की सुमारे अठरा ‘ब्राच्चा’, म्हणजे आपल्या मापाने साडेदहा मीटर, यापेक्षा खोल पाणी चोषून वर येत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची नोंद आहे. मात्र त्याचे स्पष्टीकरण असे होते, की दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ स्वतःच्या भाराने तुटतो. पुढे गास्पारो बेर्ती याने रोममध्ये घराच्या भिंतीला उंच नळी लावून पाण्याचा स्तंभ सर्वांना दिसेल असा उभा केला. एवढ्या उंच नळीशी खेळणे अवघड होते. इव्हान्जेलिस्ता टॉरिचेली याने विचार केला, की हवेच्या वजनाने हा स्तंभ तोलला जात असेल तर पाण्याच्या जागी जड द्रव घेतल्यावर तो त्याच प्रमाणात आखूड व्हायला हवा. फ्लॉरेन्समध्ये १६४३ साली पारा भरलेली काचनळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी करण्यात आली, आणि पारा भांड्यातील पातळीपासून सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. पुढच्या वर्षी, जून १६४४ मध्ये, रोममधील आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडालेले राहतो. पाणी वर का चढते, या प्रश्नाचे उत्तर पाइपाच्या आत न शोधता बाहेर शोधायचे, ही टॉरिचेलीची दृष्टी मला आजही थक्क करते.

प्रश्न : मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना आम्ही बबल सीपॅप (नाकावाटे हवेचा सतत थोडा दाब देणारी यंत्रणा) लावतो. बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत ५ सें.मी. बुडवतो आणि नोंदवहीत ‘दाब ५’ असे लिहितो. इतके साधे माप खरोखर अचूक असते का? (नागपूर)

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, कारण टॉरिचेलीच्या काळातील तत्त्व आज एखाद्या बाळाचा श्वास सावरते आहे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नव्हते. होय, हे माप भरवशाचे आहे. बाळाच्या नाकापासून येणारी नळी पाण्यात ५ सेंटिमीटर बुडलेली असेल, तर नळीतील हवेला बाहेर पडायला आधी ते ५ सेंटिमीटर पाणी खाली सारावे लागते. तेवढा दाब झाल्याशिवाय बुडबुडा निघत नाही, आणि निघू लागला की दाब त्याच्या फार वर चढत नाही. म्हणजे ती बाटली एकाच वेळी मोजपट्टीही आहे आणि सुरक्षा झडपही. बुडबुडे थांबले, तर दाब तेवढा होत नाही आणि हवा मध्येच कुठेतरी निसटते आहे, असे समजावे. बहुधा नाकाच्या जोडाजवळ किंवा बाळाच्या उघड्या तोंडातून.

माप चुकते ते एका कारणाने. ओलसर केलेल्या हवेतील वाफ थंड होऊन पाणी बाटलीत साचत जाते आणि पातळी हळूहळू वर येते. नळी जागची हललेली नसते, पण ती आता ५ ऐवजी ६ किंवा ७ सेंटिमीटर बुडालेली असते आणि दाबही तेवढाच वाढलेला असतो. म्हणून नळीवरची खूण न पाहता, पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर प्रत्येक पाळीत पाहावे. आणि नोंदवहीत नुसते ‘५’ न लिहिता ‘५ सें.मी. पाणी’ असे लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ३.७ मिलिमीटर पारा. ज्या विभागात त्याच बाळाचा रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिला जातो, तेथे दोन्ही आकडे एकाच पानावर एककाविना उभे राहू नयेत.

प्रश्न : वडिलांचा रक्तदाब डिजिटल यंत्राने घेतो. यंत्रात पारा नाही, तरी आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच का? आणि कपाटात आजोबांच्या वेळचे पाऱ्याचे यंत्र आहे, ते जास्त खरे म्हणून वापरू का? (ठाणे)

उत्तर : रक्तदाब उंचीने मोजण्याची सुरुवात रक्ताच्याच उंचीने झाली. इंग्लंडमधील धर्मगुरू स्टीफन हेल्स याने बांधून आडव्या पाडलेल्या घोडीच्या धमनीत नळी घालून तिला लांब काचनळी जोडली, आणि रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले; हे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. अडीच मीटर उंच नळी घेऊन कोणी रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहू शकत नाही. १८२८ मध्ये प्वासय याने पाऱ्याची वाकडी नळी वापरून तीच उंची हातभर केली, आणि १८९६ मध्ये रिव्हा-रोची याने दंडाला गुंडाळायची हवेची पट्टी पाऱ्याच्या नळीला जोडली. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्यात १६३ सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचे यंत्र टेबलावर मावेल एवढे झाले, ते पाऱ्यामुळे. त्यानंतरचे सारे उंबरठे, औषधांची प्रमाणे आणि डॉक्टरांची जाण याच आकड्यांवर घडली. पास्कलमध्ये १२०/८० चे १६.०/१०.७ किलोपास्कल होतात. तो आकडा चुकीचा नाही, पण तो ऐकून कोणत्याही डॉक्टरच्या मनात लगेच चित्र उभे राहणार नाही, आणि माझ्या मते रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट एककांच्या शिस्तीपेक्षा मोठी आहे. यंत्रातील संवेदक विजेवर चालतो, पण आकडा जुन्याच भाषेत सांगतो.

स्तंभाचा नियम मात्र डिजिटल यंत्रालाही चुकत नाही. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. मधले उभे अंतर दहा सेंटिमीटर असेल तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर पारा, आकड्यात मिसळतो. हात खाली लोंबत असेल तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, आणि वर उचललेला असेल तर कमी. मनगटावर बांधायच्या यंत्रात ही चूक सर्वांत जास्त होते. वडिलांना खुर्चीत टेकून बसवा, हात टेबलावर ठेवा, आणि गरज पडल्यास खाली उशी द्या.

आजोबांचे यंत्र वापरू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेला मिनामाता करार २०१७ पासून अमलात आला असून भारतही त्यात सहभागी आहे. यंत्र हलवताना पारा सांडलाच, तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, हातातील सोन्याच्या अंगठ्या-बांगड्या काढा, कारण पारा सोन्याला धरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. दोन जाड पुठ्ठ्यांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत किंवा कचऱ्यात तो टाकायचा नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे का ते विचारा आणि यंत्र उभे धरून, बंद पेटीत, तेथे पोहोचवा.

प्रश्न : पंक्चरच्या दुकानात ‘बत्तीस हवा भरली’ म्हणतात. टायर पूर्ण बसलेला असतो तेव्हा काटा शून्यावर असतो. पण हवा तर सगळीकडे आहे, मग टायरमधील दाब शून्य कसा? (कोल्हापूर)

उत्तर : तो काटा भोवतालच्या हवेलाच शून्य मानतो, त्याला मापी दाब म्हणतात. बत्तीस म्हणजे दर चौरस इंचाला बत्तीस पौंड, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त. बाहेरची हवा स्वतः सुमारे १४.७ पौंड असते, म्हणून पूर्ण निर्वातापासून मोजला तर टायरमधील दाब जवळजवळ ४६.७ होतो, आणि तो निरपेक्ष दाब. आपल्या रक्तदाबाचे १२० हे मापी आहे, घरगुती गॅसच्या रेग्युलेटरमधून शेगडीकडे येणारा सुमारे ३०० मिलिमीटर पाण्याचा दाबही मापी आहे. वायुभारमापकाचे ७६० मात्र निरपेक्ष आहे, कारण त्याच्या पाऱ्यावर वरच्या बाजूने काहीच दाबत नाही.

प्रश्न : आम्ही मित्र जानेवारीत कळसूबाईला जाणार आहोत. माझ्या फोनमध्ये दाब दाखवणारा संवेदक आहे. त्यावरून शिखराची उंची काढता येईल का? (नाशिक)

उत्तर : अवश्य काढता येईल, आणि हा प्रयोग कसा करावा याचा उत्तम नमुना १६४८ सालचा आहे. ब्लेझ पास्कल याच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबरला फ्रान्समधील क्लेरमाँ गावाजवळच्या १४६५ मीटर उंचीच्या प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले. त्यांनी सकाळी गावातील मठाच्या बागेत दोन नळ्या भरून त्यांतील पारा एकाच उंचीवर आहे ना, हे तपासले; एक नळी तेथेच ठेवून एका संन्याशाला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले, आणि दुसरी शिखरावर नेली. वर पारा सुमारे ८५ मिलिमीटरने खाली आला, तर बागेतील पारा दिवसभर जागचा हलला नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची होती. ती नसती तर कोणीही म्हणाले असते, की त्या दिवशी हवाच बदलली.

कळसूबाई प्वी द दोमपेक्षा उंच, १६४६ मीटर आहे. माथ्यावर फोन ८३५ हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे सुमारे ६२५ मिलिमीटर पारा दाखवेल. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढल्यावर एक हेक्टोपास्कल कमी होतो. वर हवा विरळ झाल्यामुळे माथ्याजवळ त्यासाठी दहा मीटर लागतात. तुम्ही पायथ्याच्या बारी गावापासून मोजणार असाल, तर मधला साडेनऊ मीटर हा आकडा घेऊन दोन्ही ठिकाणच्या दाबांतील फरकाशी त्याचा गुणाकार करा, उत्तर बरेच जवळ येईल.

आपल्याकडे एक अडचण मात्र फ्रान्सपेक्षा मोठी आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दख्खनवर हा फरक स्वच्छ निरभ्र दिवशी तीन-चार हेक्टोपास्कलचा होतो. सकाळी दहाला बारीत आकडा लिहून दुपारी चारला तेथेच परत आलात, तर फोनच्या हिशेबाने गाव तीस-पस्तीस मीटर वर सरकलेले दिसेल. तेव्हा एका मित्राला फोन घेऊन खालीच बसवा आणि दर अर्ध्या तासाने वेळ व दाब वहीत लिहायला सांगा. निघण्यापूर्वी दोन्ही फोन शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक टिपून घ्या, कारण दोन संवेदक क्वचितच एकच आकडा दाखवतात. माथ्यावरचा आकडा ज्या वेळी घ्याल, त्याच वेळच्या खालच्या आकड्यातून तो वजा करायचा.